सरकारांचा हुरडा

आमच्या संस्थानातला पहिला हुरडा दरवर्षी मी खात असे. लोकांना वाटे, सरकार खातात. सरकारांना हुरडा सोसत नाही, लहानपणापासून त्यांच्या पोटात त्याने कळ उठते, ही गोष्ट सरकारांना, त्यांच्या आईसाहेबांना आणि आमच्या घराला तेवढी ठाऊक होती. बाहेरच्या माणसांत ती एका काशीला कळली, आणि तिला ती मी सांगितली. एवढं लिहायला मला माझ्या आयुष्याची बरीच वर्षं लागली. आता लिहायला बसलेच आहे, तर आडपडदा ठेवणार नाही.

संस्थान म्हटलं की हत्ती, झुंबरं आणि शिकारीचे फोटो डोळ्यांपुढे येतात. आमचं संस्थान म्हणजे नगर जिल्ह्याच्या उगवतीकडची, खर्ड्याच्या वाटेवरची मूठभर कोरडवाहू गावं. एका अंगाला ओढा, ओढ्यापलीकडे खालसा, म्हणजे इंग्रजाचा मुलूख. दुसऱ्या अंगाला डोंगर, डोंगरापलीकडे निजाम. मध्ये आम्ही. गावाच्या उंचवट्यावर पांढऱ्या मातीची गढी, आणि गढीच्या आत धान्याच्या कोठीला लागून आमच्या दोन खोल्या. माझे वडील, अण्णा, कोठीवाले होते. गढीत शिजणारा दाणा न् दाणा त्यांच्या हातून जायचा. मला घर म्हणून जे आठवतं ते सगळं त्या कोठीचंच आहे: तुपाच्या डब्यांचा आणि वाळल्या मिरच्यांचा एकत्र वास, पोत्यांवर झोपणारी बोकी, धान्य मोजताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून सुरुवात करणारा अण्णांचा आवाज, आणि दिवेलागणीला नगारखान्यातून येणारा चौघडा. त्या चौघड्यावर आई भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. थंडीत हुलग्याची शेंगोळी, वर लसणाची फोडणी. गढीत पंचपक्वान्नं शिजत असतील अशी लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात सरकार रात्री मुगाची पातळ खिचडी खात आणि लवकर झोपत.

सरकार चांगले होते. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. अंगाने बारीक, कोपरावर रफू केलेला लांब कोट, बोलणं हळू. एक मोटार होती, ती चढावर ढकलावी लागे आणि ढकलणाऱ्यांना सरकार स्वतः उतरून हात लावत. रयतेतल्या माणसाला नावाने हाक मारत, त्याच्या बैलाचंसुद्धा नाव विचारत. भावाभावांची बांधावरची भांडणं त्यांनी एका सकाळीत मिटवलेली मी पाहिली आहेत. आज तसल्या भांडणासाठी माणसं जामखेडच्या कोर्टात म्हातारी होतात. मी सातवी पास झाले तेव्हा अण्णांना बोलावून ते म्हणाले होते, "कोठीवाले, मुलगी हुशार आहे. पुढच्या वर्षी नगरला पाठवा, मास्तरीण होऊ द्या. खर्चाचं आम्ही पाहू." आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. मी तर सरकारांवर जीव टाकत होते.

तर हुरडा. पौषात शाळूचा दाणा दुधावर आला, की पहिली कणसं गढीत यायची. सदरेपुढे गोवऱ्यांची आगटी पेटायची, कणसं भाजून, चोळून, पाखडून हिरवागार दाणा चांदीच्या ताटात सरकारांपुढे जायचा. सरकार चिमूट उचलून कपाळाला लावत, हात ओठांपाशी नेत, आणि उपरण्याने तोंड पुसत. लगेच चौघडा झडायचा. तो ऐकला की गावोगावच्या शिवारांत आगट्या पेटत. त्याआधी कुणी आपल्या रानातलं कणीस मोडायचं नाही, हा रिवाज. ताट आतल्या दाराने परत कोठीत येई, आणि आई ते माझ्यापुढे सरकवून म्हणे, "खा मुकाट्यानं. कोठीचं कोठीत." गूळभेंडी जातीच्या शाळूचा तो कोवळा दाणा, लसणाची चटणी, दह्याची वाटी. मी मांडी घालून खायची आणि बाहेर चौघडा वाजत असायचा. मला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. गंमत मात्र फार वाटायची.

काशी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिची आई कोठीत धान्य निवडायला यायची, तेव्हापासूनची आमची मैत्री. लग्न होऊन ती गावातच राहिली. तिचा नवरा बापू सरकारांच्या खासगीतली जमीन खंडाने कसायचा, ओढ्याकाठची, चांगली काळी. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी देश नुकताच स्वतंत्र झाला होता. ओढ्यापलीकडे खालशात शाळेवर तिरंगा लागला होता. आमच्याकडे सरकारांचा भगवा होता तसाच होता. सरकार इतर संस्थानिकांबरोबर बोलणी करायला मुंबईला गेले ते तिकडेच अडकले. इकडे दाणा दुधावर आला, चिकात आला, आणि चौघडा काही वाजेना. रेशनवर मिळणारी परदेशी लाल मिलो ज्वारी लोक नाक मुरडून खात होते, रानात आपलाच शाळू डुलत होता, आणि कुणी कणीस मोडत नव्हतं. ओढ्यापलीकडून मात्र हुरड्याच्या धुराचा वास रोज दुपारी यायचा. त्या वासाने काशी वेडी झाली. तिला दिवस गेलेले, सातवा लागलेला.

"कमळे, मला दुसरं काय बी नगं गं," ती विहिरीवर कळशी टेकवून म्हणाली. "चिच्चा नगं, आवळं नगं. ह्याला हुरडाच पायजे. रात्री लाथा हानतंय."

"सरकार येतीलच आता."

"सरकार येस्तोवर दाना निब्बर व्हतोय. मग काय जात्यावर दळून खाऊ हुरडा? सरकारांनी तितंच मुंबईत खाल्ला तर चालत न्हाई व्हय? तार करा म्हनावं, खाल्ला म्हून."

मला हसू आलं. तिची दया आली, हेही खरं. पण त्याहून खरं हे की मला काहीतरी ठाऊक आहे आणि तिला नाही, याची फुशारकी माझ्या पोटात मावेना. मी इकडेतिकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. सरकार खातच नाहीत. ताट आमच्याकडे येतं. मी खाते.

काशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजी एवढी आठ गावं दात आवळून बसत्यात ती तुझ्यासाठनं?"

"शपथ आहे तुला, कुठे बोलशील तर."

"बोलती कशाला? खाती."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठच्या रानातून धुराची बारीक रेघ वर आली. वारा पडलेला होता, रेघ सरळ उभी राहिली आणि गढीच्या बुरुजावरून दिसली. कारभाऱ्यांनी शिपाई पाठवला. कारभारी म्हणजे संस्थानचा खरा गाडा हाकणारा माणूस, कामाला चोख, बोलण्यात गोड, आणि रिवाजाच्या बाबतीत सरकारांहून कडक. बापू आणि काशी आगटीजवळच सापडली, तोंडं काळी, हात काळे. त्याच संध्याकाळी, उशिराने का होईना, सरकारांची मोटार आली.

सकाळी सदर भरली. चारी कडेने माणसं, कारण त्याच सकाळी हुरड्याचं ताटही व्हायचं होतं. अण्णांचं अंग तापाने मोडून आलं होतं, म्हणून ताट घेऊन मी उभी होते. दाणा हाताला खड्यासारखा लागत होता, इतका जून झाला होता. काशीला पुढे उभं केलं. बापू मागे, मान खाली.

"सरकारांच्या आधी हुरडा खाल्लास?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"म्या न्हाई खाल्ला," काशी म्हणाली. पोटावर हात ठेवला. "ह्यानं खाल्ला. ह्याला इचारा."

सदर खदखदली. सरकारही हसले. मुंबईहून आल्यापासून त्यांचा चेहरा उतरलेला होता, तो जरा खुलला. "मग काय म्हणतोय तो?"

"म्हनतोय, बरं झालं आत्ताच दिलास. आनखी चार दिस गेलं असतं तर दात आल्याबिगर चावला नसता."

आता तर म्हातारे टाळ्या देऊन हसले. सरकार म्हणाले, "डोहाळे आहेत, कारभारी. तिला लुगडं द्या, आणि घरी जाऊ द्या." सदरेवर "वा, सरकार!" अशी कुजबुज झाली. इथंच संपायचं ते. पण कारभारी हात जोडून म्हणाले, "लुगडं द्यावंच सरकार. फक्त तिनं रिवाजाप्रमाणे जमिनीला हात लावून 'चुकले' म्हणावं. नाहीतर उद्या सगळीच डोहाळकरणी होतील."

काशी वाकली नाही. तिला वाकताही येत नव्हतं म्हणा. पण तिचा स्वर बदलला. "चुकलं काय? रान आमी कसलं, राखन आमी केली. सरकारांना हुरडा सोसत न्हाई. मंग आमी कुनासाठी दाना निब्बर करायचा?"

कारभारी म्हणाले, "कोण म्हणतं असं? नाव सांग."

काशीने नाव सांगितलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती. ती वाट पाहत होती. मी बोलणार याची तिला खात्री होती.

सरकारांनीही ती नजर पाहिली. ते माझ्याकडे वळले आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "कमल, ताट तुमच्याकडे परत येतं. तू सांग. आम्ही हुरडा खातो की नाही?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांत धमकी नव्हती, उलट विनवणी होती, आणि तीच मला सोसवेना. मला तापलेले अण्णा दिसले, आमच्या दोन खोल्या दिसल्या, नगरची शाळा दिसली. पण याच्या मागे मी लपणार नाही. यातलं काही नसतं तरी मी तेच म्हटलं असतं. मी म्हणाले, "खातात."

आणि मग सरकारांनी एक केलं, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातल्या ताटातून मूठभर हुरडा उचलला आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकला. तो जून दाणा ते कितीतरी वेळ चावत राहिले. नगारखान्यातल्या माणसाला इशारा कधी करायचा ते कुणालाच सुचेना. शेवटी त्यांनी गिळला, आणि चौघडा सुरू झाला. माणसं ओरडत शिवारांकडे पळाली. मागे आम्ही तेवढे उरलो: सरकार, कारभारी, खोटी पडलेली काशी, आणि मी.

त्या रात्री सरकार पोट धरून तळमळत होते. आईसाहेब ओव्याची पुरचुंडी शेकत बसल्या होत्या. आई कोठीतून ओवा देऊन आली आणि माझ्याकडे न पाहता निजली.

काशीचं लुगडं तिच्या दारात नेऊन दिलं, ते तिने उंबऱ्याबाहेरच ठेवलं. कारभाऱ्यांनी आठ दिवसांत बापूला खासगीच्या जमिनीवरून काढलं. डोहाळ्यांबद्दल शब्दही काढला नाही, सरकारांची बदनामी केली म्हणून काढलं. सरकारांना विचारलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं असतं तर सरकारांना काय सांगता आलं असतं? उभा शाळू रानात सोडून ती दोघं गाडीत बोचकी टाकून ओढ्यापलीकडे खालशात निघाली, तिच्या मावशीच्या गावी. मी ओढ्यापर्यंत धावत गेले. काशी गाडीतून उतरली नाही. वरूनच म्हणाली, "सरकारांना पोट न्हाई, ते ठावं हुतं. तुला त्वांड न्हाई, ते सदरेवर कळलं."

आणि गाडी पाण्यात उतरली.

पुढे दोन-अडीच महिन्यांत सगळं संस्थानच खालसा झालं. गढीवरचं निशाण बदललं. मग कूळकायदा आला, आणि जो जी जमीन कसत होता त्याच्या नावावर ती लागली. ओढ्याकाठची जमीन तोवर कारभाऱ्यांचा भाचा कसत होता. मी नगरला शिकले, मास्तरीण झाले. सरकारांनी शब्द पाळला, राज्य गेल्यावरही पाळला. त्यांच्या तनख्यातून दर महिन्याला माझी फी येई.

तनखे बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघतो. राजे परवडत होते की नव्हते? एकजण मोटारींचा हिशेब काढतो, दुसरा म्हणतो, आताच्या पुढाऱ्यांपेक्षा ते स्वस्त पडायचे. मी आजवर ऐकत आले. आता सांगते, आणि मला याबद्दल तिळमात्र शंका नाही. मोटार, खिचडी, नगारखाना, याचा खर्च कुणीही हसत सोसावा इतका थोडा होता. महाग पडला तो सरकारांचा चांगुलपणा. राजा वाईट असता तर मी भीतीने खोटं बोलले असते, आणि भीती गेल्यावर खरं सांगून मोकळी झाले असते. तो चांगला होता, म्हणून मी मायेने खोटं बोलले, आणि ती माया काही जाईना. आठ गावांनी स्वतःच्या रानातलं स्वतःचं कणीस मोडायला एका माणसाची वाट पाहावी, तो येईपर्यंत दाणा हातचा जावा, आणि त्याने एका बाईला तिचंच पीक खाल्ल्याबद्दल माफ केलं तर सगळ्यांनी "वा" म्हणावं! सरकारांनी दिलेली माफी ही मुळात त्यांच्याकडे असायलाच नको होती. त्यांनाही ती झेपत नव्हती. तो हुरडा त्यांनी हौसेने नाही खाल्ला. राजा म्हणून खावा लागला. माणूस म्हणून ते दुसऱ्याच दिवशी काशीची क्षमा मागायला गेले असते, असं मला आजही वाटतं. राजाला ते करता येत नाही, आणि हे मी सरकारांवरचा सगळा जीव तसाच ठेवून म्हणते.

गेल्या दिवाळीत मी काशीकडे गेले. केस पांढरे, तोंडात दोन-चार दात. बापू वारला. मुलगा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर हाकतो, सुना शेंगा फोडत बसल्या होत्या. मला तिने ओळखलं, पण उठली नाही. मी सुनांसमोरच म्हटलं, "काशे, त्या दिवशी मी खोटं बोलले." मग सरकारांच्या पोटदुखीचंही सांगितलं.

"दुखनारच," ती म्हणाली. "निब्बर झाल्ता दाना." तिने सुनेच्या पुढ्यातली एक शेंग उचलून फोडली. "आन खोटं बोलली ते मला काय सांगतीस? मी हुते की तितं. ज्यांनी तुझं खरं मानलं, त्यांना सांग जा."

यंदा संक्रांतीला आमच्या जुन्या गावी शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. जुनी विद्यार्थिनी आणि शिक्षिका म्हणून मला खुर्चीवर बसवलं. कारभाऱ्यांचा भाचा आता गावचा मोठा पुढारी आहे. त्याने भाषणात लुगड्याची गोष्ट सांगितली, दरवर्षी सांगतो म्हणे: डोहाळकरणीने हुरडा खाल्ला, आणि दिलदार सरकारांनी तिला लुगडं नेसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, माईक मागून घेतला, आणि काशीची गाडी ओढ्यात उतरली तिथपर्यंतचं सगळं, मी ताट धरून काय म्हणाले तेही, सांगितलं. दोन म्हातारे उठून गेले. कुणीतरी कुजबुजलं, "बाईंचं वय झालं." मग बायकांच्या बाजूने एका म्हातारीने मोठ्याने विचारलं, "मंग काशीचं रान आता कुनाकडं हाय?"

ते सगळ्या मांडवाला ठाऊक होतं. पुढारी पाण्याचा पेला उचलून पीत राहिला.

माईक माझ्याच हातात होता. मी त्याचं नाव घेतलं.